रडतीय का हसतीय? : ‘काझे ताचिनु’ ऐकताना

सुप्याहून पुण्याकडे निघालं की गाडीतल्या आमच्या जागा ठरलेल्या. साहेब मागे, मी पुढे ड्रायव्हरशेजारी. साहेब म्हणजे आमच्या प्लांटला दोन वर्षांसाठी आलेले जपानी इंजिनियर, साठीला टेकलेले. आणि मी त्यांची दुभाषी. सुप्याच्या एमआयडीसीत जपानी कंपन्यांसाठी वेगळा पट्टा राखलेला आहे. पारनेर तालुक्यातल्या या कोरड्या माळावर वाकून नमस्कार करणारी माणसं आता कोणाला नवी वाटत नाहीत. दिवसभर यांचं त्यांना आणि त्यांचं यांना सांगून संध्याकाळपर्यंत माझा घसा बसलेला असतो. त्यामुळे परतीच्या वाटेवर सहसा कोणी बोलत नाही.

एका शनिवारी साहेबांनी आपला फोन गाडीच्या स्पीकरला जोडला. व्हायोलिनांचा मोठा लोंढा आला आणि त्यावर एका मुलीचा आवाज. गोड, जरा नको इतका गोड. साहेब खिडकीबाहेर बघत होते. नारायणगव्हाण गेलं, शिरूरचा घोडनदीचा पूल गेला, गाणी चालूच. रांजणगावच्या आसपास आमचे ड्रायव्हरकाका हळूच म्हणाले, “मॅडम, ही पोरगी रडतीय का हसतीय?”

मी म्हटलं, “हसतीय.” शब्द थोडेफार कळत होते, पण खरं सांगायचं तर मी लक्ष देऊन ऐकतच नव्हते. असल्या गाण्यांबद्दल माझं मत आधीच ठरलेलं होतं, म्हणून ते उत्तर दिलं. साहेबांना प्रश्नाचं भाषांतर करून सांगितलं तर ते खूप वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले की तेव्हा ते पंधरा वर्षांचे होते, आणि त्यांनाही हे कधी ठरवता आलं नव्हतं.

तो अल्बम म्हणजे सेइको मात्सुदाचा ‘काझे ताचिनु’, २१ ऑक्टोबर १९८१ रोजी सीबीएस-सोनीने काढलेला. काकांचा प्रश्न डोक्यातून जाईना म्हणून मी तो पुन्हा ऐकला, मग पुन्हा, आणि आता मी सेइको मात्सुदाची फॅन आहे. हे वाक्य लिहायला मला बराच काळ लागला. का लागला, हाही या लेखाचा विषय आहे.

रसिक आणि फॅन

मराठीत आपल्याकडे ‘रसिक’ हा मोठा मानाचा शब्द आहे. किशोरीताईंचे रसिक असतात, कुमार गंधर्वांचे असतात. ‘फॅन’ म्हटलं की मात्र आपण जरा हसतो. त्यात पोरवय आहे, भिंतीवरचं पोस्टर आहे, अक्कल गहाण ठेवणं आहे. शास्त्रीय, मग नाट्यसंगीत, मग भावगीत, मग सिनेमा अशी एक उतरंड आपल्या घराघरांत न सांगता शिकवली जाते. भावगीताला आकाशवाणीने ‘सुगम’ म्हटलं. सुगम म्हणजे ऐकणाऱ्याला सोपं, पण आपण ते गाणाऱ्यालाही सोपं असणार असं गृहीत धरून बसलो.

जपानी ‘आयदोरू’ तर या उतरंडीत कुठेच बसत नाही. हा शब्द तिथे रुळला तो एका फ्रेंच सिनेमामुळे. सिल्वी वार्तान ज्यात दिसली आणि गायली तो सिनेमा १९६४ मध्ये जपानमध्ये ‘आयडॉलला शोधा’ अशा अर्थाच्या नावाने लागला. पुढे १९७१ मध्ये निप्पॉन टीव्हीवर ‘स्टार तांजो’ म्हणजे ‘ताऱ्याचा जन्म’ हा कार्यक्रम सुरू झाला. शाळकरी मुलं-मुली येऊन गायची आणि समोर बसलेले रेकॉर्ड कंपन्यांचे, एजन्सींचे लोक आपापल्या नावाची पाटी वर करून ‘ही आम्हाला हवी’ असं सांगायचे. यामागुची मोमोए, साकुरादा जुन्को, मोरी मासाको या तिथूनच आल्या.

आपल्याला हे अगदी परकं वाटायचं कारण नाही. २००८-०९ च्या हिवाळ्यात झी मराठीवरच्या ‘सा रे ग म प लिटल चॅम्प्स’ने उभा महाराष्ट्र टीव्हीसमोर बसवला होता. कार्तिकी, मुग्धा, आर्या, प्रथमेश, रोहित ही मुलं कुठल्या कलाकारासारखी नव्हे, घरातल्यासारखी झाली. माझ्या आजीने आयुष्यातला पहिला एसएमएस दुसऱ्याकडून का होईना, त्यांच्यासाठीच पाठवला. आयडॉलचं मर्म तेच आहे. ती तयार होऊन आपल्यासमोर येत नाही, आपल्या डोळ्यांदेखत तयार होत जाते. आणि आपण तिला वाढवतोय, अशी आपली समजूत असते. फरक इतकाच की आपल्याकडे ती एका हंगामाची गोष्ट होती, नंतर ती मुलं रीतसर गाणं शिकत मोठी झाली. जपानमध्ये तो कायमचा धंदा झाला, त्याला वेळापत्रकं आली, दर तीन महिन्यांना नवं गाणं आलं.

या धंद्यात १९८० साल महत्त्वाचं आहे. ५ ऑक्टोबर १९८० रोजी तोक्योच्या बुदोकानमध्ये यामागुची मोमोएने शेवटचा कार्यक्रम केला, पांढरा माइक स्टेजवर ठेवला आणि ती निघून गेली. तिला अभिनेता मिउरा तोमोकाझुशी लग्न करायचं होतं. वय २१. लग्नानंतर ती परत कधी गायली नाही. त्याच वर्षी १ एप्रिलला सेइको मात्सुदाचं पहिलं गाणं आलं होतं. क्यूशू बेटावरच्या कुरुमे गावची ही मुलगी, जन्म १० मार्च १९६२. १९७८ च्या एका स्पर्धेत तिने क्यूशूची फेरी जिंकली होती, पण वडिलांचा गाण्याला विरोध. तिचा आवाज कॅसेटवर ऐकून सीबीएस-सोनीचा वाकामात्सु मुनेओ हा निर्माता तिच्या मागे लागला, वडिलांची मनधरणी केली आणि ती तोक्योला आली.

चार अल्बम, पंधरा महिने

आता जरा हिशेब मांडू. प्लांटमध्ये काम केल्यामुळे मला हिशेब आधी दिसतो.

पहिला अल्बम ‘स्क्वॉल’, १ ऑगस्ट १९८०. दुसरा ‘नॉर्थ विंड’, १ डिसेंबर १९८०. तिसरा ‘सिलुएट’, २१ मे १९८१. चौथा ‘काझे ताचिनु’, २१ ऑक्टोबर १९८१. पंधरा महिन्यांच्या आत चार अल्बम. पदार्पणापासून तोवर सात सिंगल्स. शिवाय टीबीएसवरचा ‘द बेस्ट टेन’, फुजीवरचा रात्रीचा गाण्यांचा कार्यक्रम, जाहिराती, मासिकांसाठी फोटो, गावोगावचे दौरे. मुलगी एकोणीस वर्षांची.

‘स्क्वॉल’ ऐकलात तर लक्षात येतं की तिचा मूळ आवाज काय होता. मोकळा, खणखणीत, पुढे झेपावणारा. दुसरं सिंगल ‘आओइ सांगोशो’ म्हणजे ‘निळं प्रवाळबेट’. तिथे ती पहिलाच सूर समुद्राच्या पलीकडे ऐकू जाईल असा लावते. गळ्यावर बेतून, राखून गाणं तिला तेव्हा ठाऊकच नव्हतं. १९८१ च्या मध्यापर्यंत या आवाजाने दगा दिला. घसा बसला, वरचे सूर फाटू लागले. आणि नेमक्या त्याच काळात तिला आजवरचं सगळ्यात अवघड गाणं गायला दिलं गेलं.

एरवी अशा वेळी काय होतं, हे आपल्याला माहीत आहे. गाणारी थांबते. मशीन बिघडलं की लाइन थांबवायची, हे जपानी कारखान्यांनीच जगाला शिकवलं. पण आयडॉलची लाइन थांबत नाही. तिने काय केलं, ते ‘काझे ताचिनु’त ऐकू येतं. जोर कमी केला. शब्दाच्या सुरुवातीला सूर लावण्याऐवजी श्वास लावला. वाक्याच्या शेवटी आवाज सोडून दिला, तो सोडताना किंचित वर उचलला. जिथे आवाज फुटणार, तिथे तो लपवायच्या ऐवजी तसाच राहू दिला. जपानी समीक्षक पुढे तिच्या या आवाजाला ‘कँडी व्हॉइस’ म्हणू लागले. गोळीसारखा गोड. गोड तर तो आहेच, पण तो बसलेल्या घशातून आलेला आहे. मी काकांना ‘हसतीय’ म्हटलं ते या गोडीला भुलून. ते विचारत होते ते त्याखालच्या खरखरीबद्दल.

माझ्यासाठी अल्बम इथे बदलला. ज्याला मी नखरा समजत होते ती दुखऱ्या गळ्याची तडजोड होती. आणि ती तडजोड इतकी नेमकी जमली की पुढची चाळीस वर्षं जपानमधल्या कितीतरी मुली तसंच गाऊ लागल्या. त्यांच्या घशाला काही झालेलं नसताना.

तीन मित्रांचं काम

एकटी तिची ही करामत असं मात्र म्हणता येणार नाही. या अल्बमच्या दहाही गाण्यांचे शब्द मात्सुमोतो ताकाशीचे. पहिल्या बाजूच्या पाचही चाली ओताकी एइइचीच्या, दुसऱ्या बाजूचा बराचसा वाद्यमेळ सुझुकी शिगेरूचा. हे तिघे एके काळी एकाच बँडमध्ये होते. चौथा होसोनो हारुओमी. त्यांच्या बँडचं नाव ‘हॅपी एन्ड’. १९७० च्या सुमारास जपानमध्ये मोठा वाद झाला होता की रॉक जपानी भाषेत गाता येतं का. अनेकांचं म्हणणं, इंग्रजीशिवाय रॉक नाही. हॅपी एन्डने जपानीत गाऊन दाखवलं. मात्सुमोतो त्यांचा ड्रमर होता आणि शब्दही त्याचेच. १९७१ चा त्यांचा ‘काझेमाची रोमान’ आजही जपानी रॉकचा पाया मानतात. त्या वेळी तो फार थोड्यांनी विकत घेतला.

बँड मोडला. पुढे मार्च १९८१ मध्ये ओताकीने ‘अ लाँग व्हेकेशन’ हा स्वतःचा अल्बम काढला, शब्द बहुतेक मात्सुमोतोचे, आणि तो तुफान चालला. अमेरिकन निर्माता फिल स्पेक्टर एकाच वेळी ढीगभर वाद्यं वाजवून घेऊन आवाजाची जी भिंत उभी करायचा, तिचा ओताकी परम भक्त. सात महिन्यांनी तीच भिंत त्याने सेइकोच्या मागे उभी केली.

अव्वल कवी-संगीतकारांनी बाजारू गाण्याला हात लावावा का, हा प्रश्न तिथेही विचारला गेला. आपल्याकडे याचं उत्तर कधीच मिळालेलं आहे, फक्त आपण ते आठवत नाही. शांता शेळके यांनी ‘डॉ. वसंत अवसरे’ या नावानेही गीतं लिहिली. लता मंगेशकरांनी ‘आनंदघन’ या नावाने भालजींच्या ‘साधी माणसं’ला संगीत दिलं. जपानमध्ये याचा जुळा प्रसंग लगेचच घडला. जानेवारी १९८२ मध्ये सेइकोचं ‘आकाइ स्वीट पी’ आलं, त्यावर संगीतकाराचं नाव होतं कुरेता कारुहो. ग्रेटा गार्बोवरून केलेला हा खेळ. खरी संगीतकार युमी मात्सुतोया, म्हणजे युमिंग, स्वतः त्या काळची मोठी गायिका. टोपणनाव कधी संकोचातून येतं, कधी गमतीतून. पण प्रत्येक वेळी ते एक मोकळीक देतं. आपल्या नावाच्या वजनाशिवाय दुसऱ्याच्या गळ्यासाठी काम करता येतं.

आणि यातली कोणतीही गोष्ट गळ्याशिवाय उभी राहत नाही. मात्सुमोतोचे शब्द, ओताकीची चाल घेऊन दुसरं कोणी गायलं असतं तर हाच अल्बम झाला असता का? मला वाटतं, नाही. ‘अ लाँग व्हेकेशन’ आणि ‘काझे ताचिनु’ लागोपाठ ऐकून पाहा. वाद्यांची तीच भिंत. ओताकी तिच्यापुढे निवांत आरामखुर्ची टाकून बसल्यासारखा गातो. सेइको त्याच भिंतीवर चढायला बघते. तिला ती उंच पडते, हे ऐकू येतं. आपला जीव तिथेच गुंततो.

पहिली बाजू

कॅसेट उलटी करणं म्हणजे काय हे आठवणाऱ्यांना सांगायला नको की बाजू ही गोष्ट महत्त्वाची असते. ‘काझे ताचिनु’ची पहिली बाजू पाच गाण्यांची आहे आणि ती सलगच ऐकावी.

सुरुवात ‘फुयु नो योसेइ’ म्हणजे ‘हिवाळ्यातली परी’ने. झगमगाट, घंटा, गिटारींचा पाऊस. सेइको इथे जवळजवळ जुन्या आवाजात आहे, पण धावताना पायऱ्या जपून उतरावं तशी. दुसरं ‘गारासु नो इरिए’, काचेची खाडी. चाल संथ होते आणि आवाज लपवायला जागा उरत नाही. माझ्या मते अख्ख्या अल्बममधलं हे सगळ्यात धीट गायन आहे, कारण ती कुठेही शोक करत नाही. प्रेम सरलंय हे ती माहिती दिल्यासारखं सांगते. मोठ्याने रडणाऱ्यापेक्षा असं सांगणाऱ्याची आपल्याला जास्त काळजी वाटते.

तिसऱ्या गाण्याचं नाव ‘एक हजार एक सेकंदांची गोष्ट’. हे नाव मात्सुमोतोने इनागाकी तारुहोच्या १९२३ च्या पुस्तकावरून उचललं. चंद्र, तारे, रात्रीचे रस्ते यांच्या चिमुकल्या विक्षिप्त गोष्टींचं ते पुस्तक. चौथ्या गाण्याच्या नावात स्ट्रॉबेरीचं शेत आहे. सॅलिंजरच्या कादंबरीचं जपानी नाव आणि बीटल्स दोन्ही त्यात एकदम डोकावतात. हे गाणं सगळ्यात खट्याळ. ती कुजबुजते, उड्या मारते, मध्येच इतकी खाली उतरते की दुसरीच कोणी वाटावी. लाडिकपणाची खिल्ली उडवत लाडिक होणं कसं असतं, ते इथे ऐकावं.

आणि पाचवं, अल्बमला नाव देणारं. गाण्यात शरद ऋतू आहे. डोंगरमाथ्यावरच्या गच्चीत बसून एक मुलगी निरोपाचं पत्र लिहिते आहे. ‘सायोनारा’ हा शब्द येतो. तो आपल्याला लताबाईंमुळे माहीत, ‘लव्ह इन टोकियो’ (१९६६) मधला, हसरा. इथला सायोनारा तसा नाही. चाल मोठी आहे, व्हायोलिनं थांबत नाहीत, आणि ओताकीने सूर असे लांबवले आहेत की दम पुरणार नाही. ती तरीही पोचते. प्रत्येक वेळी जेमतेम.

दुसरी बाजू इतकी एकसंध नाही. झाइत्सु काझुओ, सुगी मासामिची आणि सुझुकीच्या चाली सुरेख आहेत, ‘डिसेंबर मॉर्निंग’ने शेवटही शांत होतो. पण मधलं ‘शिरोइ पारासोरु’, पांढरी छत्री, हे जुलैमध्येच गाजलेलं सिंगल असल्याने इथे पाहुण्यासारखं वाटतं. आणि एक तक्रार सगळ्या अल्बमबद्दलच. दहा गाण्यांतली मुलगी बहुतेक वेळ वाट बघते, निरोप घेते, त्याने काही म्हणावं म्हणून थांबते. शब्द पुरुषाचे, चाली पुरुषांच्या. मात्सुमोतो मुलींचं मन ओळखतो असं सगळे म्हणतात. मला कधीकधी वाटतं की मुलींनी कसं असावं, असं त्याला वाटतं, ते तो चांगलं ओळखतो. युमिंगची चाल मिळाल्यावर सेइकोचा आवाज ज्या सहजतेने बसला, ती सहजता इथे अजून नाही.

बुरिक्को

सेइकोच्या काळात जपानीत एक शब्द घरोघरी पोचला. ‘बुरिक्को’. मुद्दाम गोंडस असल्याचा आव आणणारी. १९८१ मध्ये यामादा कुनिको या विनोदी अभिनेत्रीने त्यावर गाणंच काढलं. आणि बुरिक्को म्हटलं की देशाच्या डोळ्यांसमोर सेइको उभी राही. टीव्हीवर ती रडली की लोक म्हणत, अश्रू कुठे आहेत? मराठीत आपण अशीला ‘नाटकी’ म्हणतो, ‘लाडे लाडे बोलते’ म्हणतो. आणि असं म्हणण्यात बायका पुढे असतात. मीही होते.

माझी अडचण वेगळी होती. मी जपानी बोलते तेव्हा माझा आवाज बदलतो. मराठीत मी सुप्याच्या बाजारात बोलते तसं बोलते, खालच्या पट्टीत, जरा रांगडं. जपानी सुरू झालं की पट्टी वर जाते, वाक्यांची टोकं मऊ होतात, न विचारता हसू येतं. पुण्याच्या वर्गात आम्हा मुलींना असंच बोलायची सवय लागली. जपानमध्येही दुकानातल्या, फोनवरच्या बायका याच आवाजात बोलतात. लाइनवरची मुलं माझी नक्कल करतात. चहाच्या वेळी कोणीतरी बारीक आवाज काढून ‘हाय, हाय’ करतं आणि सगळे हसतात. मीही हसते. पण घरी गेल्यावर वाटायचं, हा आवाज कोणाचा? आणि खोटाच असेल तर दिवसाचे नऊ तास मी खोटं बोलते का?

म्हणूनच सेइकोचा आवाज पहिल्या दिवशी मला नको झाला होता. तो ऐकताना मला माझा ऐकू येत होता.

पुन्हा पुन्हा ऐकल्यावर मात्र एक गोष्ट हळूहळू पटली. ‘हा आवाज खरा का खोटा’ हा प्रश्न घेऊन मला काही हाती लागेना. दुसरा प्रश्न विचारला तेव्हा लागलं: हा आवाज काय काम करतो? ती दमलेली होती, गळा साथ देत नव्हता, आणि समोर काम होतं. त्या कामासाठी तिने एक आवाज बनवला. बनवलेला म्हणून तो तिचा नाही, असं कसं म्हणता येईल? किशोरीताईंचा आवाजही बनवलेलाच आहे, वर्षानुवर्षांच्या रियाजातून. तिथे आपण त्याला साधना म्हणतो. एकोणीस वर्षांच्या पोरीने तीन महिन्यांत, स्टुडिओत, घड्याळ बघत केलं की ती बुरिक्को. दोन्ही सारखं आहे असं मी म्हणत नाही. पण पहिल्याला श्रम म्हणणारे आपण दुसऱ्यातले श्रम ऐकतच नाही, आणि ते ऐकू न येणं हा ऐकणाऱ्याचा दोष आहे.

वारा

आता नावाबद्दल. ‘काझे ताचिनु’ म्हणजे ‘वारा सुटला’. ताचिनु हे क्रियापदाचं जुनं, पोथीतलं रूप. हे नाव सेइकोचं नाही, मात्सुमोतोचंही नाही. होरी तात्सुओ या लेखकाची याच नावाची छोटी कादंबरी १९३० च्या दशकात आली. क्षयाने आजारी वाग्दत्त वधूला घेऊन नायक नागानोच्या डोंगरातल्या सॅनेटोरियममध्ये राहतो आणि तिचं जाणं बघतो. होरीनेही नाव घेतलं ते फ्रेंच कवी पॉल वालेरीच्या स्मशानावरच्या दीर्घ कवितेतून. पुढे २०१३ मध्ये मियाझाकीने याच नावाने विमानं बनवणाऱ्या माणसाचा सिनेमा केला. १९८१ मध्ये हे गाणं ग्लिको कंपनीच्या पॉकी या चॉकलेटच्या काड्यांच्या जाहिरातीत वाजत होतं. स्मशान, सॅनेटोरियम, बिस्किट. एकाच ओळीचा हा प्रवास.

दुभाषी म्हणून मला यातली एक गोष्ट सोडवत नाही. वालेरीच्या त्या ओळीला दोन अर्धुकं आहेत. पहिल्यात वारा सुटतो. दुसऱ्यात, आता जगायचा प्रयत्न करायला हवा, असा निश्चय आहे. होरीने ओळ जपानीत आणताना दुसऱ्या अर्ध्यासाठी जुन्या व्याकरणातला असा प्रत्यय वापरला की काटेकोरपणे वाचलं तर अर्थ उलटतो. निश्चयाच्या जागी शंका येते, जगू का आपण, नाहीच बहुधा. हे चुकीचं भाषांतर आहे असं मोठमोठ्या जपानी भाषातज्ज्ञांनी म्हटलंय. काही म्हणतात, चूक नाही, मरणाच्या दारात बसलेल्यांच्या गोष्टीला हेच शोभतं.

मात्सुमोतोने काय केलं? पहिलं अर्धं घेतलं आणि दुसरं सोडून दिलं. गाण्यात वारा सुटतो, ऋतू बदलतो, मुलगी निरोप घेते. जगायचं की नाही, हे शब्दांत कुठेच येत नाही. ते जे सोडलेलं अर्धं आहे, ते मला तिच्या गळ्यात ऐकू येतं. प्रत्येक लांब सुराला आता हा पोचणार की नाही अशी शंका, आणि मग तो जेमतेम पोचणं. वालेरीचा निश्चय आणि होरीची शंका, दोन्ही त्या बसलेल्या घशात एकाच वेळी आहेत. हे कोणी योजलेलं नव्हतं. शब्द लिहिणाऱ्याला ते ठाऊक असायचं कारण नाही. कामाच्या ओझ्याने एका मुलीचा आवाज गेला म्हणून ते घडलं, आणि म्हणून मला या अल्बमच्या सौंदर्याबद्दल निर्भेळ आनंदही होत नाही. ज्या व्यवस्थेने तिला असं राबवलं, तिच्यामुळेच मला हे ऐकायला मिळालं. फॅन होताना ही गोष्टही पदरात घ्यावी लागते.

सुप्याजवळ कवड्या डोंगरावर पवनचक्क्या आहेत. आषाढात वारा सुटला की त्या जोरात फिरतात, पाऊस मात्र बहुतेकदा वरच्या वर निघून जातो. आमच्याकडे वाऱ्याचं कोणी कौतुक करत नाही. ज्वारी लोळवणारा तो वारा. पण शांताबाईंनी जपानी हायकू ‘पाण्यावरच्या पाकळ्या’त मराठीत आणले तेव्हा ते आपल्याकडच्याच ऋतूंतून वाचले गेले, ते तसेच वाचायचे असतात. मीही हे गाणं तसंच ऐकते. शरदातला नागानोचा वारा मी पाहिलेला नाही. मला कवड्याचा माहीत आहे.

पुढे

सेइको थांबली नाही. ‘काझे ताचिनु’ पहिल्या क्रमांकावर गेलं. १९८० च्या शरदापासून १९८८ पर्यंत तिची सलग २४ सिंगल्स पहिल्या क्रमांकावर राहिली. १९८५ मध्ये लग्न झालं, १९८६ मध्ये मुलगी झाली, आणि ती परत येऊन गायली. मोमोएने माइक ठेवला होता तेव्हा देशाने डोळे पुसले होते. सेइकोने तो ठेवला नाही म्हणून तिला बरंच ऐकून घ्यावं लागलं. आपल्याकडे माणिक दादरकरांच्या माणिक वर्मा झाल्या तरी गाणं चालू राहिलं, याचं आपल्याला कौतुक आहे. किती जणींचं थांबलं याची मोजदाद कोणाकडे नाही. २०२४ मध्ये बासष्टाव्या वर्षी सेइकोने चुओ विद्यापीठाची कायद्याची पदवी घेतली. त्याच जूनमध्ये कोरियन गट न्यूजीन्सच्या हानीने तोक्यो डोममध्ये ‘आओइ सांगोशो’ गायलं आणि सगळं डोम सोबत गायलं. हानीचा जन्म २००४ चा.

साहेब आता परत गेलेत. नवे साहेब चाळिशीचे आहेत, गाडीत झोपतात. परवा शनिवारी शिरूरच्या अलीकडे ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा काका म्हणाले, “मॅडम, ते आपलं वाऱ्याचं लावा की.” मी आवाज बारीक ठेवून लावलं. पाचवं गाणं संपेपर्यंत ते काही बोलले नाहीत.

मग म्हणाले, “दमलीय हो ती.”

मी हो म्हटलं.